उडत्या नाखव्याचं बारावं पुस्तक

१

शुक्रवारची नमाज झाली, माणसं करीमच्या चहाच्या दुकानात दाटीवाटीने बसली, सुलेमानने पत्र्याची पेटी उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. बारावं पुस्तक पेटीत नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालच्या श्रावणातली. हर्णेच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, समुद्र बंद, हातांना काम नाही आणि तोंडांना उसंत नाही. सुलेमान परदेशी जहाजावरचा खलाशी. वैशाखात तो सुट्टीवर आला तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात मिळालेली चित्रांची बारा पुस्तकं घेऊन आला. पानापानावर रंगीत चौकटी, माणसांच्या तोंडातून निघालेले फुगे आणि फुग्यांत इंग्रजी बोलणं. त्यातला मुख्य गडी अंगाला घट्ट बसणारे निळे कपडे घालायचा, तोंडावर लाल मुखवटा लावायचा, पाठीवर कापड सोडायचा आणि चक्क उडायचा. इंग्रजीत त्याला कप्तान म्हटलं होतं. हर्णेत कप्तानाला नाखवा म्हणतात, म्हणून सुलेमानने त्याचा उडता नाखवा करून टाकला.

दर शुक्रवारी एक पुस्तक. सुलेमान एकेक चौकट दाखवायचा आणि गावच्या बोलीत सांगायचा. अकरा शुक्रवारांत नाखवा गावचा झाला. पोरं पंचे पाठीला बांधून बांधावरून उड्या मारू लागली. बाप्ये उडत्या नाखव्याची शपथ घेऊ लागले. कुणाची होडी वाळूत अडली की बोलवा त्या नाखव्याला, असं म्हणायची पद्धतच पडली. अकराव्या पुस्तकाच्या शेवटी वैऱ्याने नाखव्याचं घर जाळायची शपथ घेतली होती. पुढे काय, या एका प्रश्नावर गावाने आठवडा काढला होता.

कोपऱ्यातल्या बाकावर पोस्टमास्तर भागोजी खेडेकर बसले होते. वय पंचावन्न, बोलणं मोजकं, चहा बिनसाखरेचा. त्यांची नजर पेटीवर गेली. उरलेली अकरा पुस्तकं पेटीत पालथी होती.

"मी सगळी उताणी ठेवतो, मास्तर," सुलेमान म्हणाला. "नाखव्याचा तोंड वर. चोराने घाईत उलटीपालटी केलान."

मास्तर पेटीवर वाकले. घाईत उलटलेली पुस्तकं विस्कटलेली असतात. ही मात्र कडेला कड लावून नीट रचलेली होती.

"पेटीला शेवटचा हात कोणाचा लागला होता?" त्यांनी विचारलं.

सुलेमान काही बोलायच्या आतच करीमने बोट दाखवलं. "त्याचा!"

सगळ्या माना सदू रंगाऱ्याकडे वळल्या.

२

सदू गावातल्या होड्या रंगवायचा. वर्षाचं त्याचं पोट श्रावणातल्या पंधरा दिवसांवर चालायचं, कारण नारळी पुनवेला होड्या पाण्यात जायच्या आणि त्याआधी रंग व्हावा लागायचा. करीमने यंदा नवा मचवा बांधला होता. त्याच्या पाठीमागच्या फळीवर त्याला उडता नाखवा काढून हवा होता. चित्र उतरून घ्यायला सदू बुधवारी सुलेमानच्या ओसरीवर बसला होता. सुलेमान त्या दिवशी कागदपत्रांसाठी दापोलीला गेलेला. जाताना सदूच्या काखेत वळकटी होती, हे चारचौघांनी पाहिलेलं.

"मी नाय घेतला," सदू म्हणाला. "ती माज्या कागदाची वळकटी हुती. अकराव्या पुस्तकावरचा चितार उतरवलाय. घरी चला, दावतो."

"दावशीलच," करीम म्हणाला. "बाराव्यावर बसून अकरावा दावशील. ऐक सदू, चोराचा हात माझ्या मचव्याला नको. सोमवारी दाभोळचा रंगारी बोलावतो."

दुकानातले दोन-तीन होडीवाले मुकाट्याने चहा पीत होते. त्यांनी करीमला दुजोरा दिला नाही, पण विरोधही केला नाही. समुद्रावर जाणारी माणसं शकुनाच्या बाबतीत धीट नसतात. करीमने नाही म्हटलं की कुणीच हो म्हणणार नव्हतं, हे सदूला कळलं.

"करीम, रविवारपर्यंत थांब," मास्तर म्हणाले.

"तुमी शोधणार काय?"

"पुस्तक गेलंय, हत्ती नाही. पण माणसाचं नाव गेलं तर ते टपालाने परत येत नाही."

"बरा. रविवार दुपार. सोमवारी सकाळच्या गाडीने सुलेमान चालला मुंबईला, जहाज गाठायला. त्याच्या आत हुडका."

मास्तर सदूच्या घरी गेले. सदूने चित्र दाखवलं. ते अकराव्याच्या मुखपृष्ठावरचंच होतं आणि सुरेख होतं.

"पेटी बंद करताना पुस्तकं कशी ठेवलीस?"

"जशी हुती तशी. नाखव्याचा तोंड वर. चितारावर चितार पालथा ठेवील तो रंगारी कसला?"

"ओसरीवर आणखी कोण आलं?"

"कोन नाय. आतून सुलेमानच्या भैनीने, साबेराबायने, चाय सरकवलान, तेवडाच." सदूने चित्राची वळकटी केली. "मास्तर, दोन पोरी हायत मना. मना चोर म्हनाला की पोरीनला पन चोराच्या पोरी म्हनतील."

मास्तर उठले.

३

गावात पुस्तकांचा उघड वैरी एकच होता. शाळेतले धोंडू गुरुजी. या पुस्तकांची होळी करा, असं त्यांनी ग्रामपंचायतीत तीनदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मास्तरांनी त्यांना गाठलं.

"माझ्यावर संशय?" गुरुजी उसळले. "अहो, मुखवटा घालून माणसं बडवणारा नायक! कायदा नाही, पंचायत नाही, थेट ठोसा. आणि तो वैरी तरी काय, पाचव्या वेळी बुडाला तेव्हा मेलाच कसा नाही? आठव्या वेळी परत..."

गुरुजी थांबले.

"आठव्या पुस्तकातलं तुम्हाला कसं ठाऊक?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "करीमच्या दुकानामागे खिडकी आहे. फणसाखाली उभं राहिलं की ऐकू येतं. दिसतंही थोडंफार."

"किती शुक्रवार?"

"दहा. पहिलं चुकलं." मग ते एकदम तावातावाने म्हणाले, "मी चोरलं असतं तर पहिलं चोरलं असतं, मास्तर! बारावं मला शुक्रवारी ऐकायलाच मिळणार होतं."

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण गुरुजींना खवखवत होतं ते ऐकल्याचं, चोरल्याचं नव्हे. मास्तरांनी त्यांचं नाव मनातल्या यादीतून खोडलं. करीमचं तर कधी घातलंच नव्हतं. बारावं पुस्तक ऐकायला सगळं बंदर त्याच्या दुकानात लोटणार होतं, तो ते कशाला दडवील?

मग राहिला सदूच. दुपारी घरी येऊन जेवायला बसेपर्यंत मास्तरांना दुसरं कुणी सुचलं नाही. तेवढ्यात मागच्या दारी सुकी मासळी विकणारी सखू आली आणि तिने एका वाक्यात सगळं उलटंपालटं केलं.

४

सखू टोपली टेकवून मास्तरांच्या बायकोशी बोलत होती. मास्तर भात कालवत होते.

"पन वैनी, शेवट कसा गोड झाला!" सखू म्हणाली. "नाखवा घरी आला तवा माज्या डोल्यान पानीच आला."

मास्तरांचा घास हातातच राहिला. बारावं पुस्तक गावात कुणीच ऐकलेलं नव्हतं.

"सखू, कुठल्या नाखव्याचं बोलतेस?"

"अवो, उरत्या नाखव्याचा! तुमी बाप्ये दुकानात ऐकता, आमी बायका काय बहिऱ्या? कानोकानी येतो आमच्याकडं."

"बारावं पुस्तक? सांग बघू, पहिल्यापासून."

सखूला सांगायचा कंटाळा नव्हता. "आदी एक पोरगा असतो. त्येला नवी सायकल भेटते, हसत बसतो त्येच्यावर. मंग नुसता दर्या. काय नाय, पानीच पानी. मंग पान्यातून एक हात वर येतो. मंग डोचका. मंग नाखवा पुरता वर येतो अन् उरतो आबालात. वैऱ्याची अन् त्येची झुंज होते, अन् वैरी पलतो. मंग नाखवा घराकडं येतो, तर घराची नुसती राख. पन त्येची करामत बघा मास्तरानू! राखेतून आगीचा जाल उठतो, जालातून घर उभा रवतो, होता तसाच! आई दारात येते, त्येचा मुखवटा सोरते, अन् दोगा जेवाला बसतात." सखूने पदराने डोळे टिपले. "जललेला घर उभा करनारा देव मी आजून ऐकला नव्हता."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी म्हंजे... बायकांनी. बिस्तरवारी मासली घेऊन फिरली, कुनाच्या तरी दारात ऐकला." सखू टोपली उचलून चटकन उठली. नाव सांगायचं नाही एवढं ती शिकलेली होती.

गुरुवारी! चोरी उघडकीला आली शुक्रवारी. मास्तरांनी हात धुतले, छत्री घेतली आणि जेवण अर्धं टाकून ते सुलेमानच्या घराकडे निघाले.

५

सुलेमान ओसरीवर सामान बांधत होता.

"बाराव्याचा शेवट तुला माहीत असेल," मास्तर म्हणाले.

"जहाजावर दहादा वाचलाय." सुलेमानने आवाज खाली आणला. "कोणाला सांगू नका. वाईट शेवट हाय. नाखवा आईबरोबर जेवतो, आई त्याला मुखवटा बांधते. वैरी घराला आग लावतो, राख होते. नाखवा दर्यावर वैऱ्याच्या मागे लागतो, झुंज होते, वैरी त्याला पाडतो. शेवटच्या चौकटीत नुसता हात दिसतो पाण्यावर. मग नुसता पाणी. संपला."

"आणि सायकल?"

"कसली सायकल?"

"पोरगा नव्या सायकलवर बसून हसतो, ते कुठे आहे?"

"तसा कायच नाय त्यात."

मास्तरांनी पेटी उघडायला लावली. पेटीला आता मोठं कुलूप होतं. त्यांनी अकरावं पुस्तक हातात घेतलं, नाखव्याकडे पाहिलं आणि पुस्तक पालथं केलं. पाठीवर जाहिरात होती. एक गोरा पोरगा नव्याकोऱ्या सायकलवर बसून हसत होता.

"सगळ्यांच्या पाठीवर हीच आहे?"

"हीच. कोणी बघत पण नाय ती."

मास्तर पुस्तक तसंच पालथं धरून उभे राहिले. सखूची गोष्ट आणि सुलेमानची गोष्ट एकच होती. चित्रं तीच, क्रम उलटा. जिने ती प्रथम सांगितली तिने पाठ हेच तोंड समजून पुस्तक उघडलं होतं आणि उजवीकडून वाचत गेली होती. अकरा पुस्तकं पालथी होती तीही घाईने नव्हे. तिच्या लेखी तीच उताणी होती.

गावातल्या प्रत्येक माणसाला कुठली लिपी येते, हे मास्तरांना पाठ होतं. तीस वर्षं पत्रं वाचून दाखवण्यात आणि लिहून देण्यात गेली होती. उर्दू वाचणारे बाप्ये बरेच होते. पण ते दर शुक्रवारी दुकानात बसून सुलेमान पान कुठून कुठे उलटतो ते बघत होते. त्यांची चूक झाली नसती. ज्याला अक्षरच येत नाही त्याने नुसती चित्रं चाळली असती, इतकी क्रमवार गोष्ट लावली नसती. म्हणजे उजवीकडून पुस्तक वाचायची सवय असलेली, दुकानात पाऊल न टाकलेली, आणि या पेटीपाशी सहज पोचणारी व्यक्ती. अशी गावात एकच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आतल्या दाराचं कवाड हळूच लोटलं गेलं. सुलेमानचं लक्ष नव्हतं.

"मी उद्या सकाळी येतो," मास्तर म्हणाले.

६

रविवारी सुलेमान बाजारात गेला होता. मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले आणि बंद कवाडाकडे पाहून त्यांनी सगळं सांगितलं. सायकल, पालथी पुस्तकं, गुरुवारची सखू. आवाज चढवला नाही.

कवाड उघडलं. सुलेमानची बहीण साबेरा ओढणी सावरत उंबऱ्याआड उभी राहिली. तीस वर्षांची असेल. तिचा नवरा अली सुलेमानसारखाच खलाशी होता. तीन वर्षांपूर्वी जहाजावरून नाहीसा झाला. तेव्हापासून दर बुधवारी ती टपालाच्या खिडकीशी यायची आणि मास्तर खत, म्हणजे पत्र, नाही म्हणून सांगायचे.

"बुधवारी सदू गेला, मग सगली पुस्तका बाहेर काढून बघली," ती म्हणाली. "पहिल्यांदाच हातात आलती. बारावा ठेवून घेतला. परत ठेवणार होती, खुदाची कसम. सदूचा नाव आला तवा ठेवायला गेली तर भाईने कुलूप घातलेला."

"तोंडाने सांगायचं होतंस."

"सांगाला हवा होता." तिने मान खाली घातली. "पण मग पुस्तक द्यावा लागला असता. मास्तर, तो दर्यातून वर येतो. घरी येतो. रोज बघते मी."

मास्तरांनी छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढली. इथवर त्यांना सगळं नीट जुळलेलं कोडं वाटत होतं. पुढचं त्यांना नको होतं.

"ते पुस्तक इंग्रजी आहे, साबेरा. डावीकडून वाचायचं."

ती आत गेली, पुस्तक घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. एकेक पान उलटत ती डावीकडून गेली. जेवण. मुखवटा. आग. राख. झुंज. हात. पाणी. शेवटच्या पानावर तिने तळवा ठेवला.

मग ती म्हणाली, "कंपनीचा खत पण इंग्रजीच होता. तुमीच वाचलात. तुमी बोललात, वादळात दिसेनासा झाला, शोध चालू हाय. तसाच लिवलेला काय?"

मास्तरांनी छत्री बाजूला ठेवली. तीन वर्षं या प्रश्नाला ते घाबरत होते.

"पहिलं वाक्य तसंच होतं," ते म्हणाले. "शोध चालू आहे, हे मी घातलं. शोध थांबवला आणि तो बुडाला असं धरून चाला, असं लिहिलं होतं. तू दारात उभी होतीस. माझ्याच्याने पुढचं वाचवेना. मी चुकलो, साबेरा."

"भाईला ठावक हाय?"

"त्याने नंतर वाचलं. तोही गप्प राहिला."

साबेरा रडली नाही, ओरडलीही नाही. तीन वर्षांचे बुधवार ती मनात मोजत असावी, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"दुपारी मी पुस्तक नेऊन देतो," ते म्हणाले. "तुझं नाव घेत नाही. कुठेतरी सापडलं म्हणतो."

साबेराने पुस्तक छातीशी धरलं आणि त्यांच्याकडे बघितलं. "परत एक खोटा घालणार तुमी?"

७

दुपारी करीमचं दुकान शुक्रवारपेक्षा जास्त भरलं. सदू कडेच्या बाकावर एकटा बसला होता. त्याच्या शेजारी जागा असूनही कुणी बसलं नव्हतं.

"काय मास्तर," करीम म्हणाला, "चोर भेटला?"

मास्तर काही बोलायच्या आत दारातली माणसं बाजूला झाली. साबेरा आत आली. तिच्या मागे रस्त्यावर सखू आणि आणखी चार बायका थांबल्या. साबेराने पुस्तक टेबलावर ठेवलं.

"सदूने कायच घेतला नाय," ती म्हणाली. "मी घेतला. माझ्या भावाच्या पेटीतून."

सुलेमान ताडकन उठला. "साबेरा, घरी चल."

"येते. आदी सदूचा नाव साफ होऊ दे."

करीम खांद्यावरचं फडकं चाचपत सदूपुढे आला. "उद्या सकाळी रंग घेऊन ये."

"येतो," सदू म्हणाला. "पन शुक्रवारी मना चोर बोललास, तो याच बाकावर बोललास."

"चुकला माझा," करीम म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

सदूने मान हलवली. लगेच दोघं त्याच्या शेजारी येऊन बसले, इतक्या सहज की जणू मधले दोन दिवस झालेच नव्हते. मास्तरांना ते पाहून बरं वाटलं आणि थोडा रागही आला.

मागून कुणीतरी म्हणालं, "सुलेमान, वाच की आता! बायका सांगतात तसा वाच. दर्यातून वर येतो तसा."

"तसाच, तसाच," चार आवाज उठले. बाहेरून सखूनेही हो म्हटलं. गावात रविवारपर्यंत तोच शेवट घरोघर पोचला होता आणि बाप्यांनाही तो पटला होता. मागच्या खिडकीबाहेर फणसाखालून गुरुजींचं खाकरणं ऐकू आलं.

सुलेमानने पुस्तक उचललं. बहिणीकडे बघितलं आणि त्याने ते पालथं केलं.

"नको भाई," साबेरा म्हणाली. "लिवलाय तसा वाच. मना पण ऐकायचाय. तू नि मास्तरांनी तीन वर्षां ऐकू दिला नायत."

सुलेमानला सगळं उमजलं. त्याने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी नजर चुकवली नाही. मग त्याने पुस्तक सुलटं केलं आणि वाचायला घेतलं. एकही चौकट त्याने गाळली नाही. आई मुखवटा बांधते. घर पेटतं. राख होते. नाखवा दर्यावर जातो. हात दिसतो. मग नुसता पाणी.

साबेरा दाराच्या चौकटीला धरून शेवटपर्यंत उभी होती. ते पहिल्यांदा सदूच्या ध्यानात आलं. तो बाकावरून उठला.

"बस, साबेराबाय," तो म्हणाला.

त्या दुकानात आजवर कुठली बाई बसली नव्हती. साबेरा बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा अलीसाठी रडली.